सोळाशेच्या पुढचं मैदान

भरतीची तयारी करणारी दोन अनोळखी मुलं एसटी स्टँडवर भेटली, की नावगाव विचारायच्या आधी एक प्रश्न येतो: ‘सोळाशे किती मिनिटांत?’ उत्तर ‘पाच-पंचवीस’ आलं तर समोरचा आदरानं बघतो, ‘पाच-चाळीस’ आलं तर धीर देतो, सहाच्या वर गेलं तर विषय बदलतो. सोळाशे म्हणजे 1600 मीटर, चारशेच्या मैदानाचे चार राउंड. सैन्यभरतीत ही धाव साडेपाच मिनिटांच्या आत संपली की 60 गुण, आणि बीमवर दहा पुलअप्स निघाले की 40. नऊ फुटांची खंदकउडी आणि झिगझॅग पट्टीवरचा तोल यांना गुण नाहीत, पण तिथे अडखळलेला पुढे जात नाही.

साडेपाच मिनिटांचे चार भाग केले तर एका राउंडला साडेब्याऐंशी सेकंद येतात. ग्राउंडवर हा हिशेब फार थोडे पाळतात. शिट्टी होते, घोळका एकदम सुटतो, कोपरं लागतात, आणि मागे पडू या भीतीनं पहिला राउंड सत्तर सेकंदांत जातो. दुसऱ्यात तोंड उघडतं. तिसऱ्यात मांड्या भरून येतात, आणि तिथेच वर्षभराची मेहनत पंधरा-वीस सेकंदांनी हुकते. पहिला राउंड ऐंशीच्या आसपास धरून ठेवायची हिंमत ज्याच्यात असते, तो चौथ्या राउंडला माणसं मागे टाकत येतो. ही हिंमत सरावानंच येते, आणि ती शिकवायला घड्याळ पुरतं.

इथवरचं सगळं अकॅडम्यांमध्ये शिकवलं जातं, आणि चांगलं शिकवलं जातं. पुढच्या पानांचा विषय मात्र सोळाशेच्या पलीकडचा आहे. गुणवत्ता यादीत नाव आल्यानंतर मुलगा जिथे जातो, त्या प्रशिक्षण केंद्रातल्या पहिल्या काही आठवड्यांसाठी शरीर कसं तयार करायचं, हा तो विषय. दोन्ही तयाऱ्या एकच आहेत असं गावोगाव धरलं जातं. त्या एक नाहीत.

14 जून 2022 रोजी अग्निपथ योजना जाहीर झाली. साडेसतरा ते एकवीस वर्षांची मुलं चार वर्षांसाठी अग्निवीर म्हणून घेतली जाऊ लागली, आणि त्यातल्या जास्तीत जास्त 25 टक्क्यांना पुढे कायम करायचं ठरलं. प्रशिक्षण त्याच चार वर्षांत बसवायचं असल्यानं ते आटोपशीर झालं. लष्करातल्या अग्निवीराला सुमारे 31 आठवडे मिळतात, त्यातले पहिले 10 मूलभूत प्रशिक्षणाचे. पूर्वी शरीर हळूहळू रुळायला जो अवकाश होता तो आता कमी आहे. त्यात चौघांतला एकच कायम होणार असेल, तर पहिल्याच महिन्यात पाय प्लास्टरमध्ये जाणं या मुलाला परवडत नाही. घरच्यांना तर नाहीच.

महाराष्ट्रात ही गोष्ट कुणा परक्याची नाही. सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे ‘मिलिटरी’ हे नाव अभिमानानं लावतं; पहिल्या महायुद्धात या एका गावचे 46 जवान कामी आले. कोल्हापूरच्या शिरोळ तालुक्यातली सैनिक टाकळी आपल्या नावातच ती ओळख घेऊन बसली आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचं केंद्र आहे, आणि या रेजिमेंटचा इतिहास 1768 पासूनचा. खडकीला बॉम्बे सॅपर्स, नाशिक रोडला तोफखाना, अहिल्यानगरला रणगाडा दल, कामठीला गार्ड्स, अशी मोठी प्रशिक्षण केंद्रं राज्यातच आहेत. मराठी मुलगा भरती होतो तेव्हा अनेकदा त्याच्या आधी त्या गेटातून त्याचा काका किंवा चुलत आजोबा गेलेला असतो.

त्या गेटाच्या आत पहिल्या दिवसापासून एक गोष्ट बदलते: पाय जमिनीवर किती वेळा आपटतो, त्याची संख्या. घरी मुलगा सकाळी तासभर ग्राउंड मारतो आणि उरलेला दिवस बसून किंवा झोपून काढतो. केंद्रात पहाटे पीटी, मग बूट घालून ड्रिल, मग शस्त्रप्रशिक्षण, संध्याकाळी खेळ, आणि मधल्या प्रत्येक ठिकाणी पळतच जायचं. काँक्रीटच्या चौकात टाच आपटणं दिवसातून शेकडो वेळा होतं. चुकलं की उस्ताद, म्हणजे प्रशिक्षक, रगडा देतात, त्यात आणखी फेऱ्या. पुढे 2.4 किलोमीटरची धाव, दोरावर चढणं, पाठीवर सामान आणि हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर पळणं येतं. यात साडेपाच मिनिटांचा जोर फारसा कामाला येत नाही. रोज आदल्या दिवशीचा थकवा घेऊन उठता येतं का, हे तिथे महत्त्वाचं.

इथे शरीराचा एक साधा नियम समजून घेतला पाहिजे. नवा व्यायाम सुरू केला की छाती आणि दम लवकर सुधारतो, पाच-सहा आठवड्यांत फरक जाणवतो. स्नायू दोन महिन्यांत बळकट होतात. हाड सगळ्यात शेवटी येतं. हाडावर नेहमीपेक्षा जास्त भार पडू लागला की शरीर आधी तिथला जुना भाग कुरतडून काढतं आणि मग त्या जागी नवा, जास्त मजबूत थर घालतं. घर दुरुस्त करताना जुनी भिंत आधी पाडावी लागते, तसंच. हे पूर्ण चक्र तीन-चार महिन्यांचं असतं. म्हणजे सराव वाढवल्यानंतर काही आठवडे हाड पूर्वीपेक्षा कमकुवत असतं, आणि नेमकं त्याच दिवसांत दम सुधारल्यामुळे मुलाला वाटतं की आता आणखी पळता येईल. दम म्हणतो चल, हाड म्हणतं थांब. मुलगा दमाचं ऐकतो, कारण हाडाचा आवाज उशिरा येतो.

तो आवाज ऐकायची पद्धत मात्र कुणालाही जमते. धावून आल्यावर बूट-मोजे काढून बसायचं, आणि गुडघ्याखालून घोट्यापर्यंत नडगीच्या आतल्या कडेवर अंगठा दाबत हळूहळू खाली जायचं. हातभर लांबीत सगळीकडे थोडंथोडं दुखत असेल, तर बहुधा हाडाच्या कडेची सूज आहे; धाव निम्म्यावर आणावी, दोन-तीन दिवस सायकल किंवा पोहणं करावं. पण अंगठा एका ठिकाणी आला आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेत कळ उठली, बाजूला दाबल्यावर दुखत नाही, त्या पायावर उडी मारली की तीच कळ परत येते, किंवा रात्री झोपेतसुद्धा ठणकतं, तर धावणं त्या दिवशी बंद. तेल चोळून, पट्टी बांधून ग्राउंडवर परत जायचं नाही. हाडाला चीर गेली असण्याची शक्यता आहे, आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांत ती साध्या एक्स-रेत दिसतही नाही. फिल्म स्वच्छ आली म्हणून मुलगा पुन्हा पळायला लागतो आणि चीर आरपार जाते, असं घडतं. हाडाच्या डॉक्टरला ‘मी भरतीसाठी रोज इतकं पळतो’ हे आपणहून सांगावं.

या दुखण्याची पहिली नोंद सैन्यातलीच आहे. 1855 साली ब्राइटहाउप्ट नावाच्या प्रशियन लष्करी डॉक्टरनं लांब कूच केलेल्या सैनिकांचे सुजलेले, दुखरे पाय पाहून त्यावर लिहिलं. क्ष-किरणांचा शोध तेव्हा चाळीस वर्षं पुढे होता. इस्रायली लष्करातल्या डॉक्टरांनी 295 रंगरुटांवर प्रशिक्षणभर बारीक लक्ष ठेवलं आणि 1985 मध्ये निष्कर्ष छापले: शंभरातल्या 31 जणांच्या हाडांना अशा चिरा गेल्या होत्या. हा आकडा वाचून तेव्हा जगभरचे लष्करी डॉक्टर चमकले. त्याच संशोधकांचा पुढचा, 2000 सालचा अभ्यास भरतीच्या मुलांसाठी त्याहून मोलाचा आहे. प्रशिक्षणाला येण्यापूर्वी निदान दोन वर्षं नियमित बास्केटबॉलसारखा चेंडूचा खेळ खेळलेल्या मुलांमध्ये चिरांचं प्रमाण इतरांच्या निम्म्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी निघालं. नुसत्या धावण्यानं तसा फायदा दिसला नाही.

कारण तर्काला धरून आहे. सरळ रस्त्यावर धावताना हाडावर एकाच दिशेनं, एकाच जागी भार येत राहतो. खेळात उडी, वळण, थांबणं, उलट फिरणं असतं. भार सगळ्या बाजूंनी येतो आणि हाड सगळ्या बाजूंनी भरतं. कबड्डी आणि खो-खोवर असा अभ्यास झाला नसेल, पण खो-खोचा खेळाडू एका डावात किती वेळा वळतो, दबतो आणि झेप घेतो हे पाहिलेल्याला या खेळांचं मोल वेगळं सांगायला नको. दहावीच्या वर्षी ‘आता खेळ बंद, भरतीची तयारी कर’ म्हणून शाळेच्या संघातून मुलाला काढणारे पालक त्याच्या हाडांचं नुकसान करतात. खेळ चालू ठेवावा, तीच तयारी आहे.

जुन्या तालमीत हे शहाणपण होतं. दंड, बैठका, जोडी, मल्लखांब, दोरीचा मल्लखांब या सगळ्यांत ओढणं, ढकलणं, लटकणं, वळणं आलं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी संस्थानातल्या शाळांपासून सूर्यनमस्कारांचा प्रसार केला. एका नमस्कारात कंबर, खांदे, पोटऱ्या सगळं ताणलं जातं आणि त्याला एका सतरंजीपलीकडे काही लागत नाही. नुसत्या दंड-बैठकांत एक उणीव मात्र राहते, ती ओढण्याची. म्हणूनच बीमवर मुलं अडतात. सहाव्या पुलअपला पाय झटकून वर जायचा प्रयत्न होतो आणि तो मोजला जात नाही. एकही पुलअप येत नसेल त्यानं आंब्याच्या आडव्या फांदीला आधी नुसतं लटकावं, अर्धा मिनिट, मग एक मिनिट. मग स्टुलावर चढून हनुवटी फांदीच्या वर न्यावी आणि पाच सेकंद मोजत खाली उतरावं. उतरण्यातच चढण्याची ताकद साठते. आठवड्यातून तीन दिवस हे केलं तर पहिला पुलअप येतो, आणि पहिला आला की बाकीचे मागून येतात. तोच हात पुढे केंद्रातल्या उभ्या दोरावर चढतो.

धावण्याचं वेळापत्रक पुढे आठवड्यागणिक दिलं आहे. त्यामागचा विचार एवढाच, की एकूण अंतर आठवड्याला साधारण दहाव्या हिश्शाहून जास्त वाढू नये, दर चौथ्या आठवड्याला ते कमी व्हावं, आणि जोरात पळणं आठवड्यातून दोनच दिवस असावं. उरलेल्या दिवशी इतकं सावकाश पळावं की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल. हे सावकाश पळणं मुलांना कमीपणाचं वाटतं. रोज सोळाशे जीव तोडून मारायची आणि रोज टायमिंग लिहायचं, अशी अनेक ठिकाणची रीत आहे. रीत चुकीची आहे. रोज तोडलेला जीव भरून यायला वेळच मिळत नाही. सहा महिन्यांनी टायमिंग आहे तिथेच असतं आणि नडगी धरलेली असते.

शेवटच्या दोन महिन्यांत पाठीवर वजन घेऊन चालावं. पाच किलोपासून सुरुवात, शाळेच्या दप्तरात वाळूची पिशवी ठेवली तरी चालते. वजन घेऊन चालायचंच. पळायचं ते केंद्रात, उस्तादांच्या नजरेखाली. घोट्याच्या वर येणारे जाड बूट मिळाले तर ते घालून रोज अर्धा तास फिरावं. पहिल्या आठवड्यातले निम्मे हाल टाचेवरच्या फोडांचे असतात आणि ते घरीच टाळता येतात.

जेवणाचं स्तोम माजवायची गरज नाही. प्रोटीनचे महागडे डबे शेतकरी आईबापांच्या खिशातून येतात आणि त्यांची जागा घरातल्याच वस्तू घेऊ शकतात. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत 25 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. भिजवलेले हरभरे, मटकी, दूध, दही, डाळ. नाचणीत शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम आहे, म्हणजे कोकणातल्या आणि सह्याद्रीच्या कडेच्या घरांत हाडांचं औषध भाकरीच्या रूपानं आधीपासूनच आहे. अमेरिकी नौदलाच्या 5201 महिला रंगरुटांवर केलेल्या प्रयोगात कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व रोज दिल्यावर हाडांच्या चिरा 20 टक्क्यांनी कमी झाल्या होत्या. 2008 मध्ये तो प्रसिद्ध झाला. पहाटे अंधारात पळून दिवसभर अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलानं दुपारी थोडं ऊन अंगावर घ्यावं.

मुलींच्या बाबतीत हे दुप्पट लक्षात ठेवावं लागतं. मिलिटरी पोलिस दलात जवान म्हणून महिलांची भरती सुरू झाली, आणि 83 जणींची पहिली तुकडी मे 2021 मध्ये बंगळुरूच्या केंद्रातून बाहेर पडली. खडकवासल्याच्या एनडीएतून 17 मुलींची पहिली तुकडी 30 मे 2025 रोजी पदवी घेऊन निघाली. प्रशिक्षणात हाडाला चीर जाण्याचं प्रमाण मुलींमध्ये मुलांपेक्षा जास्त असतं, हे अनेक देशांच्या सैन्यांत दिसलं आहे. लोहाची कमतरता आणि अपुरं जेवण ही त्याची मोठी कारणं. सराव वाढल्यावर पाळी चुकायला लागली तर शरीर कमी पडतंय असा तो निरोप आहे. घरात शेवटी जेवणारी मुलगी सैन्याची तयारी करू शकत नाही. तिचं ताट आधी वाढलं गेलं पाहिजे.

उन्हाची गोष्ट जिवावरची आहे. 2014 च्या जूनमध्ये मुंबईत पोलिस भरतीच्या पाच किलोमीटर धावेत तरुण उमेदवारांचे मृत्यू झाले आणि त्यानंतर धावेचं अंतर कमी करावं लागलं. गरम आणि दमट हवेची सवय शरीराला दहा-चौदा दिवसांत होते, पण ती रोज थोडं थोडं उन्हात श्रम करूनच. ताप, जुलाब किंवा रात्रभराच्या प्रवासानंतर लगेच जोरात धावू नये. पळणारा मुलगा अडखळत चालू लागला, असंबद्ध बोलू लागला, तर त्याला सावलीत घेऊन कपडे सैल करायचे आणि मिळेल तेवढं थंड पाणी अंगावर ओतायला लागायचं. दवाखान्यात नेण्याची सोय होईपर्यंत ते थांबवायचं नाही. दुखू नये म्हणून ग्राउंडच्या सकाळी वेदनाशामक गोळी घेणारे खूप आहेत. पाणी कमी झालेल्या शरीरात ऊन, अतिश्रम आणि ती गोळी मिळून मूत्रपिंडं निकामी करू शकतात. इंजेक्शन देणाऱ्यांचं तर नावच काढू नये.

विदर्भातल्या आणि नंदुरबारकडच्या वाचकांसाठी आणखी एक. तिथे सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे. आजार नसलेला पण वाहक असलेला तरुण एरवी ठणठणीत असतो, मात्र अचानक अतिश्रम आणि पाण्याची कमतरता एकत्र आली तर त्याचे स्नायू मोडून पडण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, हे अमेरिकी सैन्यातल्या मोठ्या अभ्यासांत आढळलं आहे. आपण वाहक आहोत का, हे तयारी सुरू करतानाच तपासून घ्यावं.

तपासणीचा मुद्दा निघालाच आहे तर तो पुरता सांगितला पाहिजे. दोन-तीन वर्षं धावून, शेत गहाण टाकून अकॅडमीची फी भरून, लेखी आणि ग्राउंड दोन्ही काढून मेडिकलमध्ये ‘अनफिट’ ऐकणारा मुलगा पाहणं फार कठीण असतं. कारण अनेकदा जन्मापासूनचं किंवा लहानपणापासूनचं असतं: रंगांधळेपणा, एकमेकांना टेकणारे गुडघे. रंगदृष्टीची तपासणी कुठल्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांत ठिपक्यांच्या पुस्तकावरून होते. गुडघे आरशासमोर उभं राहून दिसतात. ही तपासणी फी भरण्याच्या आधी व्हायला हवी. कानातला मळ, किडलेले दात, शिरांच्या गाठी यांवर उपाय असतात, पण तेही वेळेत केले तर.

आता शेवटची आणि पुष्कळांच्या लक्षात न येणारी जागा. यादीत नाव लागतं, गावात मिरवणूक निघते, गुलाल उडतो, देवदर्शनं आणि पाहुणेर सुरू होतात. केंद्रात हजर व्हायला अजून काही आठवडे असतात आणि त्या आठवड्यांत मुलगा धावत नाही. शरीरानं महिन्यांत कमावलेलं तीन-चार आठवड्यांत ओसरू लागतं. मग गेटाच्या आत पहिल्याच दिवशी पूर्ण भार येतो. 2022 च्या ऑगस्टमध्ये अमेरिकी सैन्यानं फोर्ट जॅक्सन इथे प्रशिक्षणाच्याही आधीचं एक तयारी शिबिर सुरू केलं, कारण येणारी अनेक मुलं शरीरातल्या चरबीच्या किंवा लेखी परीक्षेच्या निकषांत बसत नव्हती. आपल्याकडे ते शिबिर गावाच्या मैदानावर, आधी भरती झालेल्या आणि सुट्टीवर आलेल्या जवानांच्या मदतीनं भरू शकतं. अनेक गावांत माजी सैनिक पहाटे मुलांना पळवतातच. त्यांनी यादी लागल्यानंतरच्या आठवड्यांची जबाबदारीही घ्यावी, ही विनंती.

पुढची पानं वाचण्याआधी एक वही घ्यावी. पहिल्या पानावर आजची तारीख, वजन, उठल्या उठल्या मोजलेले नाडीचे ठोके, काल किती झोप झाली आणि नडगीवर अंगठा दाबल्यावर कुठे दुखलं, एवढं लिहावं. सोळाशेचं टायमिंग आठवड्यातून एकदाच लिहावं. बाकीच्या नोंदी रोज, अगदी बेळगावच्या किंवा खडकीच्या गाडीत बसायच्या सकाळपर्यंत.